भोंग्याच्या गावची वीस मिनिटे

जबलपूर शहरातून पूर्वेकडे निघावे, घमापूर, कांचघर आणि सतपुला ही दाट वस्तीची ठिकाणे एकामागून एक मागे टाकावीत, म्हणजे जी विस्तीर्ण कामगारवस्ती लागते तिचे नाव रांझी. संगमरवरी खडक आणि धुवांधार पाहण्यासाठी येणारा प्रवासी शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला, भेडाघाटाकडे वळतो. त्यामुळे प्रवासवर्णनांत रांझीला कधी स्थान मिळाले नाही आणि मिळावे असे तिथे काही आहे असा तिचा स्वतःचाही दावा नाही. प्राचीन किल्ला किंवा कोरीव देवालय येथे शोधू नये. हजेरीपट, वसाहतीतील क्वार्टर आणि कारखान्याचा भोंगा, एवढ्याच साधनांवर या गावाचा इतिहास लिहावा लागतो. आणि तरीही मनुष्याच्या श्रमाचा, त्या श्रमातून येणाऱ्या शिणाचा व तो शीण उतरविण्याच्या एका आधुनिक उपायाचा वृत्तांत लिहू पाहणाऱ्याला आरंभ करण्यास याहून योग्य ठिकाण सापडणे कठीण आहे.

मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नव्हे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीचा शेवट होऊन हा प्रांत सागरच्या मराठी अंमलाखाली आला. १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांकडे सोपविला. आणि १९ डिसेंबर १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी जबलपूर घेतले तेव्हा छत्तीस वर्षांच्या मराठी अंमलाचे दफ्तर येथे बंद झाले. पुढे मध्यप्रांताची घडी बसली तेव्हा नागपूर-वऱ्हाडाकडून आलेले कारकून, शिक्षक, वकील आणि रेल्वेचे नोकर या शहरात स्थायिक झाले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील कित्येकांनी कारखान्यांतून चाकरी धरली. वेळ मोजून काम करून घेण्याची परंपरा येथे कारखान्यांहूनही जुनी आहे. कर्नल स्लीमनच्या कारकिर्दीत, १८३७ च्या सुमारास, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी जबलपुरात जी उद्योगशाळा उघडण्यात आली, तिच्यात हे लोक तंबू शिवीत आणि गालिचे विणीत. वाटमारीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ठरल्या वेळी मागावर बसवणे हा प्रयोग सरकारला मोठा यशस्वी वाटला. मागावर बसणाऱ्यांना तो कसा वाटला हे मात्र कोणत्याही अहवालात नमूद करण्याची पद्धत नव्हती.

खरी कारखानदारी आली ती १९०४ मध्ये, गन कॅरेज फॅक्टरीच्या रूपाने. मुंबई, मद्रास इत्यादी ठिकाणी विखुरलेले तोफगाड्यांचे काम एकत्र करून देशाच्या मध्यभागी, समुद्रावरील शत्रूच्या माऱ्यापासून दूर, असा एक कारखाना असावा हा त्यामागील लष्करी हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर जी संरक्षणसिद्धता सुरू झाली तिच्या ओघात १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी आली, जिच्यातून शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या सैन्याकडे रवाना होत राहिल्या. आणि पाठोपाठ तिला ओतकाम पुरविणारी ग्रे आयर्न फाउंड्री आली. या चार कारखान्यांच्या मधल्या भूमीवर रांझी वाढली. बडा पत्थर, गोकलपूर, मानेगाव अशी तिची अंगोपांगे. बंगाली, तमिळ, मल्याळी, पंजाबी, मराठी अशी तिची माणसे. आणि या सर्वांना एकच घड्याळ, भोंगा. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला सायकल, तिसऱ्याला फाटक, असा घराघराचा क्रम लागलेला. ज्या घरातला माणूस रात्रपाळीला असे त्या घरातील मुले दुपारभर दबक्या आवाजात खेळत, कारण आतल्या खोलीत बाप झोपलेला असे. कामगाराच्या विश्रांतीचे रक्षण करणे हा त्या घराचा अलिखित कुळाचार होता.

या विश्रांतीला लिखित आधारही होता, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण पुढील विवेचनाचा सांधा तोच आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या कामाची मर्यादा आठवड्यास ४८ तास व दिवसास ९ तास अशी ठरविली, आणि सलग पाच तासांहून अधिक काम करून घ्यावयाचे नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी दिलीच पाहिजे, असा दंडक घातला. हे औदार्य नव्हते. थकलेल्या हाताने लेथवर काम केले तर बोट जाते आणि थकलेल्या डोळ्याने फ्यूज भरला तर सगळी शेड जाते, हे विलायतेतील आणि आपल्याकडील कारखान्यांनी शंभर वर्षे रक्त सांडून शिकलेले ज्ञान त्या कलमांत उतरले होते. शीण ही कामगाराच्या स्वभावातील न्यूनता नसून कामाच्या रचनेत उत्पन्न होणारी वस्तू आहे, म्हणून तिचा बंदोबस्तही रचनेतच केला पाहिजे, हा विचार रांझीतील सामान्य मुकादमाच्याही अंगवळणी पडला होता. त्याला तत्त्वज्ञान म्हणावे असे त्याला कधी वाटले नाही इतकेच.

आता एका वेगळ्याच गृहस्थाकडे वळू. महेश प्रसाद या नावाचा एक तरुण, ज्याच्या जन्मस्थानाचा मान जबलपूर आणि छत्तीसगडातील राजिमजवळचे पांडुका अशा दोन्ही गावांकडून सांगितला जातो, अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकला आणि त्या दिवसांच्या आसपास काही काळ जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीस होता, असे त्याचे चरित्रकार लिहितात. पुढे सुमारे १६५ वर्षे रिकामे असलेले ज्योतिर्मठाचे पीठ १९४१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठित झाले व त्यावर स्वामी ब्रह्मानंद सरस्वती शंकराचार्य म्हणून आले. त्यांच्या सेवेत हा तरुण रुजू झाला आणि ब्रह्मचारी महेश या नावाने त्यांच्या पत्रव्यवहाराचे काम पाहू लागला. १९५३ मध्ये गुरूंचे निर्वाण झाले. महेश ब्राह्मण कुळात जन्मलेले नसल्यामुळे पीठाच्या उत्तराधिकाराचा प्रश्नच त्यांच्यापुरता उद्भवत नव्हता. काही काळ उत्तरकाशीस एकांतात राहून ते १९५५ मध्ये दक्षिणेत उतरले, केरळात व्याख्याने देऊ लागले, १९५७ च्या अखेरीस मद्रासेत त्यांनी आपली चळवळ स्थापन केली आणि १९५८ मध्ये ते देशाबाहेर पडले. १९६८ मध्ये बीटल्स मंडळी त्यांच्या ऋषिकेशच्या आश्रमात येऊन राहिली आणि महर्षी महेश योगी हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले, ती हकीकत सर्वश्रुत असल्याने येथे सांगत बसत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ध्यान ही आपल्या देशात नवी वस्तू नव्हती. आसन कसे असावे, स्थळ कसे असावे, याचे सविस्तर वर्णन मराठी माणसाने ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शतकानुशतके वाचलेले आहे. परंतु त्या वर्णनातला साधक हा वेळेचा धनी असतो. सूर्य मावळला किंवा उगवला याची त्याला क्षिती नसते, कारण त्याला कोठेही हजेरी द्यावयाची नसते. महेश योगींनी जे शिकविण्यास घेतले त्यात आसन नव्हते, आहाराचे पथ्य नव्हते, संसार सोडण्याची अट नव्हती. सकाळी वीस मिनिटे, सायंकाळी वीस मिनिटे, साध्या खुर्चीत बसावे, डोळे मिटावेत आणि दिलेला मंत्र मनात सहज चालू द्यावा, एवढेच. गुहेतील अखंड काळ कापून त्यातून संसारी माणसाच्या अंगाला बसेल असा हा सदरा त्यांनी बेतला. भोंग्यावर चालणाऱ्या कारखान्यात घालविलेल्या त्या दिवसांचा यात काही वाटा असेल काय? याला दस्तऐवजाचा आधार नाही, आणि मीही हे प्रमाण म्हणून नव्हे तर्क म्हणूनच मांडतो; परंतु ज्याने पाळीचे जीवन जवळून पाहिले आहे त्यालाच असे कळते की, माणसाकडून रोज दोन तास मागितले तर तो एक दिवस देतो आणि वीस मिनिटे मागितली तर कदाचित वर्षभर देतो.

याच शहराने आणखी एक ध्यानगुरू दिला. १९५० नंतरच्या दशकात येथील महाविद्यालयांतून तत्त्वज्ञान शिकलेले व पुढे येथेच त्याचे अध्यापन करून १९६६ मध्ये प्राध्यापकी सोडणारे रजनीश. भंवरताल बागेतील मौलश्रीच्या झाडाखाली १९५३ मध्ये आपणास बोध झाला असे ते सांगत. १९७० मध्ये त्यांनी प्रचारात आणलेले सक्रिय ध्यान म्हणजे वेगाने श्वास, आरडाओरड, उड्या आणि मग एकदम स्तब्धता. पुण्याच्या कोरेगाव पार्कात त्याला जागा मिळाली. रुग्णालयातील पाळी संपवून दोन खोल्यांच्या घरात परतलेल्या बाईला शेजाऱ्यांच्या देखत ते करता येईल अशी कल्पना मात्र करवत नाही.

ध्यानाला प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय बहुधा अमेरिकेला दिले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात १९७० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात महेश योगींच्या पद्धतीने ध्यान करणाऱ्यांचा प्राणवायूचा व्यय व हृदयाची गती घटते असे दाखविले होते. त्यांच्याबरोबर काम केलेले हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात आणखी पुढे जाऊन असे प्रतिपादिले की, हा परिणाम विशिष्ट मंत्राचा नव्हे, कोणताही साधा शब्द शांतपणे मनात घोळविला तरी तो साधतो. मंत्र दक्षिणा घेऊन दिला जात असल्यामुळे हे प्रतिपादन सर्वांनाच रुचले असेल असे नाही. परंतु याच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये, लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावरील परिणाम यंत्रांनी मोजण्यास आरंभ केला होता आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून ते निष्कर्ष छापलेही होते. त्या परंपरेचे फळ मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात दिसले. तेथील हृद्‌रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि विनेकर या सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकविले, नाकपुडीशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्यास सांगितले, आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, अनेकांचा रक्तदाब उतरला व कित्येकांची औषधाची मात्रा कमी करता आली. वॉलेस यांच्या निबंधाच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. पण परळचा निबंध आपल्याच लोकांना माहीत नसतो.

लक्षात घेण्याजोगे हे की, रुग्णालयात ध्यान आले ते रोग्याच्या खाटेवर. खाटेशेजारी उभ्या असलेल्या बाईकडे कोणाचे लक्ष जाण्यास अजून बराच अवकाश होता.

ती बाई जिथे उभी असते तो अतिदक्षता विभाग हा स्वतःच फार जुना नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले ब्लेगडाम रुग्णालयात भराभर मरू लागली. आणि श्वास चालविणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशातील छिद्रातून नळी घालून रबरी फुगा हाताने दाबीत राहण्याचा उपाय सुचविला. ऑगस्टच्या अखेरीस एका बारा वर्षांच्या मुलीवर तो यशस्वी ठरला आणि मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळीपाळीने या कामावर तैनात करण्यात आले. एकाने फुगा दाबावयाचा, त्याचे हात भरून आले की दुसऱ्याने घ्यावयाचा, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. पुढच्या वर्षाच्या शेवटी इब्सेन यांनीच जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांपैकी एक उभा केला. म्हणजे या विभागाचा जन्मच मुळी पाळीत झाला, आणि त्या जन्मकथेत जो मूळ नियम आहे, की दाबणारा हात थकण्यापूर्वी दुसरा हात तयार असला पाहिजे, तो नियम विसरण्याचे काम मात्र पुढच्या सत्तर वर्षांत जगभर मोठ्या तत्परतेने झाले आहे.

यंत्रे आली, फुगा दाबणारा हात सुटला. पण त्या हाताची जागा डोळ्याने आणि कानाने घेतली. जबलपुरातीलच नव्हे, कोणत्याही शहरातील अशा विभागात रात्रपाळीच्या सिस्टरचा पहिला अर्धा तास पाहावा. संध्याकाळची सिस्टर ओव्हर देत असते: चार नंबर, काल रात्री ट्यूब टाकलेली, दाब औषधावर टिकून, लघवी तासाला इतकी, नातेवाइकांना सांगून झालेले, सहा नंबर, ताप उतरत नाही, कल्चर पाठवलेले. ऐकत असतानाच नवी सिस्टर सिरिंज पंपाचा आकडा चार्टावरच्या आकड्याशी ताडून पाहते, सलाइनची नळी बोटाने मागोवा घेत शिरेपर्यंत तपासते, ट्यूबची पट्टी सुटलेली नाही ना पाहते. मग तासातासाला नोंद, दोन दोन तासांनी कूस पालटणे, मध्येच सक्शन, आणि या सर्वांवर मॉनिटरची अखंड टिकटिक, जिच्यातील बहुसंख्य इशारे पोकळ असतात. रोग्याने हात हलविला, चिकटपट्टी निघाली, इतकेच. परंतु कोणता पोकळ आणि कोणता खरा हे दर वेळी मान वर करून पाहिल्यावाचून कळत नाही. पहाटे तीनच्या सुमारास शरीर झोप मागते तेव्हाही ही मान वर जात राहते. सहा नंबरचा रोगी चारच्या सुमारास गेला, तर त्याचे नाक-कान कापसाने बंद करून, चादर घालून, कागदपत्रे पुरी करून, ती लगेच चार नंबरकडे वळते. कारण त्याची पाच वाजताची नोंद व्हायची असते. त्या मधल्या वेळात रडण्यासाठी म्हणून वेगळे काही ठेवलेले नसते.

या शिणाला शास्त्रात नाव मिळाले ते उशिरा. न्यूयॉर्कचे मनोवैज्ञानिक हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये सेवाकार्य करणाऱ्यांच्या जळून गेल्यासारख्या अवस्थेचे वर्णन केले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन या परिचारिकेनेच आपल्या व्यवसायभगिनींची करुणाच थकून जाते असे लिहिले. आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जळून जाण्याच्या या अवस्थेला रोग न म्हणता व्यवसायजन्य घटना म्हणून आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. व्यवसायजन्य, हे त्यांनी स्पष्ट लिहिले ते बरे झाले. रांझीच्या मुकादमाला हे १९४८ पासून ठाऊक होते.

मग २०२० साल उगवले. मध्य प्रदेशातील करोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी आढळले ते जबलपुरातच, आणि पुढच्या दीड वर्षांत येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून लहान खाजगी रुग्णालयांपर्यंत सर्वत्र परिचारिकांनी अंगभर प्लॅस्टिकचा पोशाख चढवून, घोटभर पाणी न पिता, पाळीमागून पाळी काढली. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. त्याच काळात जगभरच्या रुग्णालयांत ध्यानाचे वर्ग, श्वासाचे वर्ग आणि मोबाइलवरील मार्गदर्शन यांचे पीक आले, आणि जबलपूरच्या त्या जुन्या नोकराची वीस मिनिटे पुन्हा कामास लागली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ८० आरोग्यसेवकांवर तीन महिने केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना महेश योगींचे ध्यान शिकविण्यात आले. तिचा निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगावयाचा तर असा की, जो मुख्य निर्देशांक आधी ठरविला होता, एकूण मानसिक त्रासाचा, त्यात दोन्ही गटांत संख्याशास्त्राला मान्य होईल असा फरक आढळला नाही. भावनिक थकवा, चिंता आणि निद्रानाश मात्र ध्यान करणाऱ्या गटात अधिक उतरले. भक्त दुसरे वाक्य छापतात, टीकाकार पहिले. मला दोन्ही वाक्ये खरी वाटतात व एकमेकांशी विसंगत वाटत नाहीत. वीस मिनिटे डोळे मिटून बसल्याने झोप सुधारते, चिडचिड उतरते, घरी मुलावर हात उगारला जात नाही, हे साधे, ठोस लाभ आहेत, आणि ज्याला झोप लागत नाही त्याच्यापुढे त्यांची थट्टा करू नये. परंतु ज्या विभागात दोन रोग्यांमागे एक सिस्टर असावी तिथे पाच रोग्यांमागे एक असेल, तर उरलेल्या तिघांचे ओझे मंत्राने हलके होत नाही.

या तुटीचाही इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला प्रचंड अहवाल सादर केला तेव्हा साऱ्या देशात परिचारिका होत्या सुमारे सात हजार, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागे एक. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, शाळा-महाविद्यालये निघाली, केरळातून मुली आपली ट्रंक घेऊन मध्य भारतातील रुग्णालयांत रुजू झाल्या, संख्या पुष्कळ वाढली. परिषदेच्या मानकांत तर अतिदक्षता विभागासाठी दर पाळीस एका खाटेमागे एक परिचारिका असे प्रमाण लिहिलेले आहे, आणि रजा, आजारपण यांसाठी शेकडा तीस जागा राखीव धराव्यात असेही. हा राखीव आकडा वाचताना मला रांझीच्या कारखान्यांची आठवण होते; कारण मागची फळी नावाची जी गोष्ट कारखान्याच्या व्यवस्थापकाला कळते, म्हणजे हजर माणसाला विश्रांती द्यावयाची तर गैरहजर माणसाच्या जागी कोणीतरी पगारावर असावे लागते, तिचाच तो परिचर्येतील उच्चार आहे. पण मानक म्हणजे सनद नव्हे. १९४८ च्या ज्या अधिनियमाने लेथवरच्या हाताला पाच तासांनी अर्धा तास मिळवून दिला, त्याच्या व्याख्येत रुग्णालय हा कारखाना बसत नव्हता, आणि म्हणून एकाच रांझीत, एकाच घरात, असे दृश्य दिसू शके की नवरा डबा घेऊन ठरल्या वेळी शेडबाहेर येऊन लिंबाखाली बसतो आहे आणि खाजगी रुग्णालयात चाकरीस असलेली बायको, रिलीव्हर आली नाही म्हणून, दुसऱ्या पाळीचा पहिला चार्ट भरावयास घेते आहे. तिला डबल ड्यूटी लागली की घरी निरोप जाई; भाजी चिरणारे हात बदलत; एवढीच काय ती घराची तजवीज.

अलीकडे सरकारने कर्मचाऱ्यांसाठी पाच मिनिटांचा योग-विराम तयार केला आहे, त्याचे नाव वाय-ब्रेक. त्यात थोडी आसने, थोडा प्राणायाम, शेवटी क्षणभर ध्यान, आणि हे सर्व खुर्चीपाशीच करावयाचे. २०२१ मध्ये केंद्राच्या खात्यांना त्याचा प्रसार करण्यास सांगण्यात आले. कचेरीतल्या कारकुनाला हे उत्तम आहे. पाच मिनिटे फाइल थांबली तर फाइल मरत नाही. अतिदक्षता विभागात हीच पाच मिनिटे द्यावयाची तर दुसऱ्या कोणाच्या नावावर ती खाट तेवढा वेळ लिहावी लागेल, आणि कोणाच्या नावावर, हे ड्यूटीच्या तक्त्यात आधी छापलेले असावे लागेल. तसा रकाना मी पाहिलेल्या तक्त्यांत नाही. ज्या विभागांत समजूतदार इन-चार्ज सिस्टर असते तिथे हे काम कागदाबाहेर होते: ‘तू जा, तुझी चार नंबर मी बघते,’ एवढे बोलून एकमेकींना सोडविले जाते, कपड्यांच्या कोठीत स्टुलावर कोणी डोळे मिटून बसते, कोणी चहा घेते, कोणी घरी फोन लावते, आणि यातले ध्यान कोणते व चहा कोणता याची चौकशी ती शहाणी बाई करीत नाही.

एरवी ध्यानाचा सल्ला मिळतो तो सिस्टरच्या स्वतःच्या खात्यावर. ड्यूकच्या चाचणीतील आरोग्यसेवकांना दिवसातून दोनदा वीस वीस मिनिटे बसण्यास सांगितले होते, म्हणजे रोज चाळीस मिनिटे. आणि आपल्याकडे ही चाळीस मिनिटे निघणार ती पाळी सुटल्यानंतर बस धरणे, मुलांचा अभ्यास, सासूचे औषध आणि उद्याची कणीक यांच्या मधूनच. महेश योगींनी हिशेब अचूक केला होता, वीस मिनिटे. फक्त ती वीस मिनिटे धन्याच्या वेळेतून कापावयाची की चाकराच्या, हे त्यांनी सांगितले नाही, आणि रांझीत हा प्रश्न ज्यांनी सोडविला ते योगी नव्हते, कामगार संघटनांचे पुढारी होते. परिचारिकांच्या संघटनांच्या मागण्यांत वेतनश्रेणी असते, भत्ता असतो, कंत्राटी नेमणुका बंद करण्याचा आग्रह असतो. पाळीच्या आतील, बदली माणसासह, लेखी विश्रांतीची मागणी त्यांनी यादीत वर आणली, तर तिच्यासाठी नवा दाखला शोधण्याची गरज पडणार नाही. १९४८ च्या अधिनियमाचे ५५ वे कलम त्यांना तयार मसुदा म्हणून उपलब्ध आहे.